फोमचं विरजण

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं सगळं जग म्हणतं. नाना म्हणायचे, "पाय पाहून अंथरूण कापावं." गिऱ्हाईक दुकानात आलं की ते आधी त्याच्या पायांकडे बघत, मग पाठीकडे आणि मगच फोमच्या थप्पीकडे. उंच माणसाच्या गळ्यात आखूड गादी मारणारा दुकानदार त्यांच्या मते चोराच्या एकच पायरी वर होता. ती पायरीही ते नाइलाजाने देत.

दुकान लहानच होतं. पुढे कापायचं लाकडी टेबल, मागे फोमच्या लाद्या, वर माळ्यावर शिवणयंत्र. यंत्रावर त्यांची बायको बसायची. खाली नाना गादी कापत, वर ती खोळ शिवत असे, आणि दोघांचं बोलणं जिन्याच्या भोकातून चाले. तिने वरून नुसतं "अहो" म्हटलं तरी दोरा संपलाय, चहाची वेळ झालीये, की गिऱ्हाइकाला सांगितलेला भाव तिला पसंत नाही, हे नानांना त्या एका शब्दातून कळायचं. शेजारचा घड्याळवाला म्हणे, "नाना, आमच्याकडे दिवसभर बडबड चालते तरी कोणाला काही कळत नाही. तुमचा संसार एका शब्दात कसा चालतो?"

"स्प्रिंग चांगली असली की टिकटिक कमी होते," नाना म्हणत.

नाना मूळचे कापसाच्या गाद्यांचे कारागीर. फोम बाजारात आला तेव्हा त्यांच्या वडिलांनी एक तुकडा बोटांनी दाबून पाहिला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "ही नुसती भोकं आहेत. भोकं विकून पोट भरणार का?" नानांनी भरलं. स्वतःचं, बायकोचं, मुलाचं. पण कारखान्यांतून गुंडाळून खोक्यात घातलेल्या गाद्या थेट लोकांच्या दारात यायला लागल्या तेव्हा नानांच्या सुरीला काम उरलं नाही. मुलाने वेगळी वाट धरली होती. तो एका गोदामात हिशेब बघायचा, आणि त्याचं चांगलं चाललं होतं. नाना हसून सांगत, "राजेलोकांत गादीसाठी भाऊ भावाचा गळा कापतो. आमच्याकडे गादी फुकट देतो म्हटलं तरी वारस पळून जातो."

हसत असले तरी दुकानाची फळी कायमची लावली त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्याच सुमारास बायकोचे पाय गेले. दुखणं पाठीच्या कण्याचं होतं. आधी चालताना चप्पल निसटायची, मग जिना चढवेना, मग उभं राहवेना. डॉक्टर म्हणाले, आता बिछान्यावरच राहावं लागेल आणि पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत. नानांनी दुकानातून सुरी, फोम चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणि निवडक लाद्या घरी आणल्या. मागच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला आणि तिच्यासाठी गादी केली. अशी गादी त्यांनी आधी कोणासाठी केली नव्हती. खांद्याखाली घट्ट फोम, कमरेखाली मऊ, डाव्या खुब्याखाली त्याहून मऊ, टाचा टेकू नयेत म्हणून तिथे उथळ खळगा. पाच जातींचा फोम एकमेकांत असा बसवला होता की वरून हात फिरवला तर सांधा लागू नये.

दोन दिवस गेले आणि ती म्हणाली, "अहो, टोचतंय."

"कुठे?" नानांनी विचारलं.

तिने उजव्या खांद्याखाली दाखवलं. नानांनी तिला कुशीवर वळवलं, तिथला तुकडा काढून दुसरा बसवला. ती म्हणाली, आता बरंय. पुढच्या आठवड्यात कमरेपाशी टोचायला लागलं. मग मांडीखाली. मग पुन्हा खांद्याशी. "अहो, टोचतंय." "कुठे?" एवढंच दोघांचं बोलणं. नाना सुरी घेऊन बसत. ती मान वळवून त्यांचे हात बघत राही, मधूनच म्हणे, "सुरीला धार लावा की जरा, करवतीसारखी चालतेय." तिच्या आजारपणाची दोन-अडीच वर्षं त्या घरात फोमची कतरण कधी पूर्ण झाडली गेली नाही.

फोम टोचत नाही, हे नानांना ठाऊक होतं. टोचतं ते काहीतरी आत राहिलेलं असतं, वाळलेल्या सोल्युशनचा खडा किंवा एखादा चुकार धागा. तो त्यांनी खूप शोधला. सापडला नाही. आणि एका सकाळी ती गेली.

मुलगा आणि सून दोघांनी घर सांभाळलं. येणारे-जाणारे येऊन गेले. पलंग कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून दिला. गादी राहिली. मुलाने भंगारवाल्याला बोलावलं तर त्याने लांबूनच हात हलवला. "लोखंड द्या, कागद द्या, पत्रा द्या. फोम कोण घेतो साहेब? वजन नाही, भाव नाही, आणि जागा केवढी खातो." जाळायची सोय नव्हती, धूर विषारी. टाकायची म्हटलं तर टाकणार कुठे? ही कारणं मुलगा मोजत होता आणि नाना प्रत्येक कारणाला मान डोलवत होते. त्यांनी गादी मागच्या खोलीत भिंतीला उभी टेकवून ठेवली आणि त्याच खोलीत स्वतः चटई टाकून झोपू लागले.

"जन्मभर लोकांना गाद्या दिल्यात आणि आता चटईवर?" सून म्हणाली.

"हलवायाने कधी मिठाई खाल्लेली पाहिलीस का?" नाना म्हणाले.

सुनेला त्यांचं खरं कारण माहीत नव्हतं. मुलगा कामावर आणि नात शाळेत गेली की नाना त्या उभ्या गादीवर तळहात फिरवत. खांद्यापासून सुरुवात करत, खुब्यापर्यंत येत, मनगटाच्या मागच्या भागाने दाबून बघत. कुठे टोचत होतं तिला? बाजारातल्या शेकडो अनोळखी पाठींना त्यांची गादी कधी लागली नव्हती. जिच्यासाठी जीव ओतला तीच एक गादी जमली नाही, आणि जिला विचारायचं ती उत्तर द्यायला नव्हती. रस्त्यावर कोणी मागून "अहो" म्हटलं की ते वळत. बहुतेक वेळा पुढच्या माणसाला हाक असायची.

सून समजूतदार होती. नातीच्या अभ्यासाला ती खोली हवी होती, हे ती कधी तोंडाने म्हणाली नाही. फक्त नातीचं टेबल दारात आणून ठेवलं होतं, आत सरकवलं नव्हतं. त्या टेबलाला वळसा घालून नाना रोज आत-बाहेर करायचे आणि रोज आज बोलू, उद्या बोलू करायचे.

अशात घड्याळवाल्याने निरोप आणला. गावाबाहेर जिथे कचऱ्याच्या गाड्या रिकाम्या होतात, तिथल्या जुन्या गोदामात विद्यापीठातली एक बाई प्रयोग करतेय. सोफ्याच्या कारखान्यांतला टाकाऊ फोम जंतूंना खायला घालतेय. तिला फोम बारीक कापणारा माणूस हवाय.

"जंतूंना?" नानांनी विचारलं.

"हो. आपल्याला जी वस्तू टाकता येत नाही ती ते खातात म्हणे."

"मग त्यांना सरकारी कचेरीत ठेवा," नाना म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी सुरीला धार लावून गेले.

बाई चाळिशीच्या आतबाहेर होत्या. चष्मा कपाळावर ठेवून तो टेबलावर शोधत असत. कचऱ्याच्या गाड्यांवरची माणसं त्यांना पाठीमागे जंतूबाई म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. त्यांनी नानांना गोदाम दाखवलं. निळी पिंपं रांगेने उभी होती. प्रत्येकात कोमट पाणी, त्यात क्षारांची चिमूट, खाली माशांच्या टाकीत असते तशी हवेची नळी, आणि पाण्यात भिजलेले फोमचे तुकडे. वास ओल्या फडक्यासारखा.

"यात लाखो जिवाणू आहेत," बाई म्हणाल्या. "डोळ्यांना दिसत नाहीत. फोम त्यांना एकदम खाता येत नाही. ते आधी एक रस सोडतात, त्याने फोमच्या साखळ्या सुटतात, आणि सुटलेले तुकडे ते खातात. सगळ्या जातीचा फोम खात नाहीत हं. आणि फार सावकाश. घाई करणाऱ्या माणसाचं हे काम नाही."

"पिंप रिकामं केल्यावर पुढच्या वेळी नवे आणता?"

"नाही, तळाशी थोडं ठेवायचं. त्यातूनच पुढचे वाढतात."

"म्हणजे विरजण."

बाई हसल्या. "म्हणा विरजण."

नानांना हा शब्द पुरला. घरी दह्याचं भांडं कधी पूर्ण खरवडू द्यायची नाही त्यांची बायको. शेवटचा चमचा मागे राहायलाच हवा. कोणी पाहुण्याने आग्रहाने वाटी पुसून खाल्ली तर ती पाहुणा गेल्यावर शेजारणीकडे चमचाभर मागायला जायची आणि म्हणायची, "घरातलं विरजण संपलं की घर उष्टं मागतं." पिंपांच्या तळाची शिल्लक पुढे ओढायची, हे नाना कोणी न सांगता नीट करू लागले.

त्यांचं काम रांगेला लागलं. आलेला फोम धुवायचा, लादीतून पातळ काप काढायचे, कापांचे तुकडे, तुकड्यांचा चुरा. जन्मभर फोम जोडला, आता तोडत होते. गाडीवरची माणसं विचारत, "काय नाना, पोरांना वाढलं का?" नाना म्हणत, "वाढलंय, पण चावून खातात. तुमच्यासारखे गिळत नाहीत."

पंधरवड्यापूर्वी टाकलेला तुकडा बाई चिमट्याने वर काढून दाखवत. कडा बुळबुळीत झालेल्या, भोकं मोठी झालेली. नाना तो उलटसुलट करून बघत. मऊ वस्तू इतक्या मऊपणे नाहीशी होते, हे त्यांना माहीत नव्हतं.

एकदा बाईंनी सगळ्यांना सांगितलं, "घरात जुना फोम पडला असेल तर आणा." गाडीवाल्याने फाटकी उशी आणली, पहारेकऱ्याने खुर्चीची बैठक आणली.

"नाना, तुमच्याकडे तर ढीग असेल."

"आमच्याकडे काही नाही," नाना म्हणाले आणि खाली बघून कापत राहिले.

थंडी पडली. बाईंची आई आजारी झाली म्हणून त्या गावी गेल्या. जाताना सांगून गेल्या की जे चाललंय तेवढंच चालू ठेवा, पाणी कोमट राहू द्या, बाकी कशाला हात लावू नका. नाना कोमट पाणी सांभाळत होते, पण पिंपांची धुगधुग कमी झाली. पृष्ठभागावर येणारा बारीक फेस येईना. सकाळी येऊन नाना एकेका पिंपात वाकून बघत आणि त्यांचं तोंड उतरे. त्यांना वाटे, बिचारे हे थंडीत फोम चघळत बसलेत. आपण निदान गरम चहा तरी पितो.

घरी थंडीत दही लागेना की बायको दुधात चिमूटभर साखर टाकायची. नानांना ते आठवलं. चहाच्या डब्यात साखर होती. त्यांनी एका पिंपात मूठभर टाकली.

दुसऱ्या दिवशी त्या पिंपावर फेस उभा राहिला होता. नाना इतके खूश झाले की पहारेकऱ्याला हाताला धरून दाखवायला घेऊन आले. मग त्यांनी सगळ्या पिंपांना साखर घातली, आणि रोज घालत राहिले. सून घरी म्हणाली, "आज शीळ घालताय?"

"पोरं जेवायला लागली," नाना म्हणाले.

बाई परत आल्या त्या थेट गोदामात. दारातच थांबल्या. वास बदलला होता, आंबूस झाला होता. त्यांनी एका पिंपातून तुकडा काढला, चष्मा डोळ्यांवर घेतला. तुकडा टाकला तसाच कोरा होता. दुसऱ्या पिंपातलाही. पाणी पांढुरकं, दाट.

"नाना, यात काय घातलंत?"

नानांनी सांगितलं. लपवायचं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. उलट शाबासकी मिळेल असं वाटत होतं.

बाई बाकावर बसल्या. ओरडल्या नाहीत. "त्यांना फोम खायला लावायला मला दोन पावसाळे लागले, नाना. उपाशी ठेवून, थोडं थोडं देऊन. समोर साखर असताना फोम कोण खाईल? तुम्ही त्यांचे लाड केलेत. आणि साखरेच्या वासाने बाहेरचे दुसरेच आत आले, त्यांनी ह्यांना हुसकावून लावलं. आता पिंपात पाहुणेच पाहुणे आहेत, घरचं कोणी नाही."

"तुमच्याकडे थोडे मागे ठेवलेले असतील ना? तळाशी..."

"विद्यापीठात फ्रीझरमध्ये आहेत, पण ते सुरुवातीचे. फार संथ. इथल्या पिंपात जे तयार झाले होते ते इथेच होते. त्यातले थोडे काढून तिकडे ठेवायला हवे होते. ते माझं चुकलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "शेवटचा चमचा मागे ठेवायला मीच विसरले."

नाना उभेच होते. हातातली सुरी कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना.

"आता कसं?"

"आता पुन्हा शोधायचं. पहिले मला इथल्या उकिरड्यातच सापडले होते, ओलीत पडून भुगा झालेल्या फोममध्ये. पण तो भाग आता मातीखाली गेला. असा फोम हवा जो वर्षानुवर्षं ओलीत एका जागी आहे आणि आपण होऊन झिजायला लागलाय. तिथे कोणीतरी खाणारं असण्याची शक्यता असते. खात्री नाही." त्या पिंपाकडे बघत राहिल्या. "कोणाच्या घरी अशी एखादी विसरलेली गादी असते. पण विसरलेली गादी आहे हे कोणाला आठवणार?"

नाना घरी आले. नातीच्या टेबलाला वळसा घालून खोलीत गेले आणि गादीसमोर उभे राहिले. ही गादी विसरलेली नव्हती. घरातली सर्वांत जास्त आठवलेली वस्तू ती होती. पण भिंत ओल धरणारी होती आणि गादीने तिथे काही पावसाळे काढले होते, हे त्यांना माहीत होतं. भिंतीकडची बाजू त्यांनी, गादी टेकवली त्या दिवसापासून, एकदाही पाहिली नव्हती. हात फिरत होता तो नेहमी पुढच्या बाजूवर.

"सूनबाई, जरा ये. एक टोक धर."

सून ओले हात पदराला पुसत आली. दोघांनी गादी भिंतीपासून ओढली. मागची खोळ भिंतीला चिकटली होती, ती फाटत निघाली. खालच्या कडेला काळपट पिवळा डाग पसरला होता. नानांनी खोळ उसवली. डाव्या खुब्याखाली घातलेला तो सगळ्यात मऊ फोम बोट लावताच भुसभुशीत होऊन जमिनीवर सांडला.

नाना खाली बसले. भुगा तळहातावर घेतला. इतके दिवस आपण ही गादी राखतोय असं त्यांना वाटत होतं, आणि ती मागच्या मागे निघून चालली होती. न सांगता, न विचारता.

"नाना," सून शेजारी बसली. "राहू द्या. आपण खोळ नवी शिवू."

"खोळीचं नाही गं. मी यात शोधत होतो." आणि मग त्यांनी सुनेला, जे मुलालाही सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. तिला टोचायचं. शेवटपर्यंत टोचत होतं. मी इतके तुकडे बदलले, पण काय टोचतं ते मला सापडलं नाही. शेवटची गादी मला जमली नाही.

सून जमिनीवरचा भुगा बोटाने एका जागी गोळा करत राहिली.

"काही टोचत नव्हतं, नाना."

"म्हणजे?"

"आईच म्हणाल्या होत्या मला. मी एकदा त्यांना विचारलं, सारखं टोचतंय तर आपण डॉक्टरांकडची हवेची गादी आणू या का? तर म्हणाल्या, गप्प बस, त्यांच्यासमोर बोलू नकोस. गादी अशी आहे की मला माझी पाठ आहे हेच आठवत नाही." सून जरा हसली. "म्हणाल्या, दुकान बंद झाल्यापासून त्यांचे हात मांडीवर पडलेले असतात, ते मला बघवत नाहीत. हातात सुरी आली की माणूस जागेवर येतो. म्हणून मी टोचवून घेते."

नानांनी तळहातावरचा भुगा हळूच खाली ठेवला.

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यांनी शपथ घातली होती, आणि नंतर... तुम्हाला हे माहीत असेल असंच मला वाटलं. तुम्हाला एका शब्दात सगळं कळायचं ना त्यांचं."

"हा एक नाही कळला," नाना म्हणाले.

मग त्यांना ते सगळं पुन्हा ऐकू आलं. खांद्याशी, कमरेशी, मांडीखाली. बोट दाखवण्याआधी तिचं ते थोडं थांबणं, जणू आज कुठे सांगावं हे ठरवतेय. सुरीला धार लावा की जरा. आणि मान वळवून बघत राहणं. इतक्या वर्षांत तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं की तुमच्याकडे बघत बसावंसं वाटतं. तिने ते टोचतंय म्हणून सांगितलं, आणि हे शहाणे खडा शोधत बसले. आता त्यांना एकच वाटलं, की तिने पुन्हा एकदा म्हणावं. खोटं तर खोटं.

बाहेर नातीने दप्तर आपटल्याचा आवाज आला तेव्हा सून उठली. दारात थांबली.

"टेबल आज नाही सरकवत, नाना. घाई नाही."

"सरकव," नाना म्हणाले. "आधी मला एक झाकणाचा डबा दे. स्वच्छ. साखरेचा नको."

भुगा त्यांनी डब्यात भरून दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर ठेवला. "तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हटलं होतं," ते म्हणाले. बाईंनी कोणाची गादी, हे विचारलं नाही. डबा दोन्ही हातांनी उचलला. "खात्री नाही हं, नाना. यातून काही निघेलच असं नाही."

"विरजणाचंही तसंच असतं. लावून ठेवायचं आणि झाकण उघडून बघायचं नाही."

बाईंना ते काही जमलं नाही. त्या दिवसातून चार वेळा उघडून बघत. भुग्यातले काही जीव वाढले, काही मेले, काहींना फोम नको होता. त्यांतून निवडत, पुन्हा वाढवत, फोमशिवाय दुसरं काही न देता बाईंनी दिवसांमागून दिवस घालवले. उरलेली गादी नानांनी स्वतः गोदामात आणली. मुलगा म्हणाला, टेम्पो करू, तुम्ही कशाला येता? नाना मागे गादीजवळच बसून आले. कापण्याच्या टेबलावर त्यांनी ती आडवी टाकली आणि सांधे उलगडायला घेतले. खांद्याचा तुकडा, कमरेचा, टाचांचा. कोणत्या दिवशी कोणता बदलला होता ते सुरी चालताना त्यांना आठवत होतं. खडा कुठेच नव्हता. गादी चांगली होती. फार चांगली होती. एकही सांधा लागत नव्हता.

नवे जीव वाढून पिंपातलं पाणी गढूळ व्हायला उन्हाळा यावा लागला. एका सकाळी बाईंनी चिमट्याने तुकडा वर काढला आणि नानांच्या हातावर ठेवला. कडा बुळबुळीत होत्या, भोकं मोठी झाली होती.

"आधीच्यांच्या तोडीचे आहेत का?" नानांनी विचारलं.

"आधीचे जास्त झपाट्याचे होते. हे जरा नखरेल आहेत. एक दिवस खातात, एक दिवस रुसतात." मग त्या म्हणाल्या, "विद्यापीठात चमचाभर पाठवून दिलं हं मी. काल."

घरी त्या खोलीत आता नातीचं टेबल आहे. भिंतीवर गादीच्या उंचीचा ओलीचा डाग आहे, त्यावर नातीने नकाशा लावलाय. नाना सुनेच्या आग्रहाने पलंगावर झोपतात. खोक्यातून आलेली गादी आहे. ती कुठे टोचत नाही, आणि त्यांना झोप लवकर लागत नाही.

गोदामात ते सगळ्यांच्या आधी पोहोचतात. परवा बाई आल्या तेव्हा नाना शेवटच्या पिंपावर वाकले होते. त्याच पिंपात त्या गादीचे तुकडे होते, आता ओळखू येणार नाहीत असे. फेस नव्हता. हवेची नळी नुसती बुडबुडत होती.

"आज रुसलंय वाटतं," बाई लांबून म्हणाल्या. "अहो नाना, साखर नको हं."

नानांनी हाताने खूण केली, नाही, नाही. त्यांनी पिंपाच्या अंगावर तळहात ठेवला. ते कोमट होतं. त्यांनी कान जवळ नेला, कोणी फार हळू बोलत असलं की नेतात तसा.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

थोडा वेळ ते तसेच थांबले. मग टेबलाशी गेले, सुरीला धार लावली आणि तुकडे आधीपेक्षा बारीक करायला घेतले.